रोजची दारू सोडवताना: आधी डॉक्टर, मग नारळ

कोकणातल्या बहुतेक घरांत दारू सोडवण्याचा क्रम ठरलेला असतो. मोठं भांडण, ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं, नारळावर हात ठेवून शपथ, आणि त्या संध्याकाळपासून बाटली बंद. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस घामाने भिजतो, भिंतीवर नसलेले किडे वेचतो, रात्रभर कुणाशी तरी बोलत बसतो. मग बाहेरची बाधा म्हणून आणखी एक फेरी देवळात होते. डॉक्टर आठवतो तो झटका आल्यावर.

शपथेला आमचा विरोध नाही, ती पुढे वर्षभर उपयोगी पडते. पण पहिल्या पाच दिवसांत तिचं काही चालत नाही. रोज दारू मिळणाऱ्या मेंदूला तिच्या गुंगीची सवय झालेली असते. गुंगी असूनही शरीर चालू ठेवायचं म्हणून तो स्वतःचा वेग चढा ठेवतो. दारू एका दिवसात काढून घेतली तरी तो वेग लगेच उतरत नाही, आणि त्यातूनच थरथर, आकडी आणि भ्रम येतात. यात मनाचा खंबीरपणा किंवा कमकुवतपणा मोजायचा प्रश्नच नाही.

## टप्पा १: किती आणि कशी पितो, ते मोजा

‘थोडीशीच घेतो’ हे माप नव्हे. विदेशी म्हणून विकल्या जाणाऱ्या व्हिस्की-रममध्ये साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असतो. म्हणजे १८० मिलीच्या एका क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल झाला. काजूची फेणीही जवळपास तेवढीच कडक. स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या बाटलीत ८ टक्क्यांच्या हिशेबाने सुमारे ४० ग्रॅम, म्हणून ‘हल्ली फक्त बिअर घेतो’ यावर निर्धास्त होऊ नका. उराक फेणीपेक्षा सौम्य, पण ती पेल्याने नाही, बाटलीने पितात. माडीचं माप सांगणं अवघड, कारण सकाळी उतरवलेली गोड माडी संध्याकाळपर्यंत आंबून चढते. गावठीवर लेबलच नसतं. ती कडकच धरा.

मापाहून महत्त्वाचं आहे ते वेळापत्रक. पुढच्यापैकी काही दिसतं का ते आठवडाभर पाहा:

- सकाळी हात थरथरतात आणि एक घोट घेतल्यावर थांबतात.
- संध्याकाळची वाट न पाहता दिवसाही घ्यावी लागते.
- पूर्वी क्वार्टरमध्ये चढायची, आता दोन लागतात.
- एखादा दिवस मिळाली नाही तर घाम, मळमळ, चिडचिड, झोप नाही.

पहिलं लक्षण एकटं असलं तरी पुरे. या माणसाची दारू घरच्या घरी एकदम बंद करायची नाही. उलट, जो शनिवारी-रविवारीच पितो आणि मधले पाच दिवस ज्याला काही होत नाही, त्याला पुढचा चौथा टप्पा बहुधा लागणार नाही. त्याच्यासाठी समुपदेशन आणि सहावा टप्पा महत्त्वाचा.

सावधान: पुढचं काहीही असेल तर घरी उपचाराचा विचार सोडा, भरतीच करा. पूर्वी दारू थांबवताना आकडी आली किंवा भ्रम झाला होता, कावीळ, पोटात पाणी किंवा रक्ताची उलटी, हृदयविकार किंवा आटोक्यात नसलेला मधुमेह, झोपेच्या गोळ्यांचीही सवय, आत्महत्येची भाषा, घरात रात्री जागणारं दुसरं माणूस नाही, किंवा पावसात गावाचा रस्ता बंद पडतो. शेवटची अट पुस्तकात सापडणार नाही, पण वहाळाला पाणी आलं की वाडी तुटते अशा ठिकाणी ती पहिली धरावी.

## टप्पा २: बंद करायच्या आधीचा आठवडा

दारू अजून चालू आहे आणि ती चालू राहू द्यायची आहे. हे ऐकायला विचित्र वाटतं, घरच्या बायकांना तर पटतच नाही, पण डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत बाटल्या फोडणं, पैसे काढून घेणं, खोलीत कोंडणं यातलं काही करू नका. वाढवू द्यायची नाही, एवढंच.

या आठवड्यात चार कामं उरका.

वेळ ठरवा. मानसोपचार विभागासाठी अलिबाग, रत्नागिरी आणि ओरोसच्या जिल्हा रुग्णालयांत चौकशी करा. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. ‘वेड्यांचं इस्पितळ’ म्हणून ते टाळण्यात नुकसान आपलंच आहे. सावंतवाडी, दोडामार्गकडच्या लोकांना गोव्यातली बांबोळीची मनोविकार संस्था जवळ पडते. कुठे जायचं ते कळत नसेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन किंवा १४४१६ वर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, दोन्ही मोफत आहेत. मानसोपचारतज्ज्ञ लांब असेल तर आधी जवळच्या एमडी डॉक्टरांना भेटा.

कागद तयार करा. डॉक्टरांच्या समोर बसल्यावर कुणालाच नीट आठवत नाही, आणि पिणारा माणूस निम्मंच सांगतो. एका कागदावर लिहा: काय पितो, रोज किती, दिवसाचा पहिला घोट किती वाजता, किती वर्षं, पूर्वी कधी सोडली होती आणि तेव्हा काय झालं, बीपी, साखर, फिट यांच्या गोळ्या, झोपेच्या किंवा दुखण्याच्या गोळ्या, तंबाखू, मशेरी, गांजा. निघताना शेवटच्या घोटाची वेळ खाली टाका. डॉक्टर साधारणपणे लिव्हर, रक्तातली साखर, क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम आणि हिमोग्राम सांगतात. जुने रिपोर्ट असतील तर तेही घ्या.

तारीख निवडा. यांत्रिक मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते. खलाशी-तांडेलांच्या घरांना उपचारासाठी याहून चांगला काळ नाही, आणि नेमका हाच काळ रिकाम्या हातांनी पिण्यात जातो. जूनचा पहिला आठवडा धरला तर बोटी पुन्हा सुटेपर्यंत दोन महिने मिळतात. बोटीवर जायच्या आदल्या दिवशी कधीही सोडू नका. दारूविना समुद्रात गेलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी आकडी आली, तर किनारा आठ-दहा तास लांब असू शकतो. गटारीला भरपूर पिऊन दुसऱ्या दिवशी श्रावण पाळणं किंवा गणपतीच्या पाच दिवसांपुरती बंद करणं, यांतही धोका हाच आहे.

खोली तयार करा. तळमजल्याची, संडासाजवळची खोली. कॉट नको, अंथरूण जमिनीवर. कोयता, विळी, दोर आणि बागेतली फवारणीची औषधं दुसऱ्या घरी पोचवा. रात्रभर मंद दिवा लागेल. अंधारात भ्रम वाढतात. वीज जाणार हे गृहीत धरून चार्जिंगचा दिवा ठेवा. विहिरीला कठडा नसेल तर त्या बाजूचं दार बंद ठेवा.

## टप्पा ३: त्याच्याशी बोलणं

एकाने, फार तर दोघांनी बोलावं. वाडीतले चार जाणते, भटजी आणि मामा गोळा करून बैठक बसवली की माणूस होकार देतो तो उठून जाण्यासाठी. पिऊन आलेला असताना बोलू नये आणि सकाळी अंग थरथरत असतानाही नाही.

पहिल्या बोलण्यात दारू सोडण्याचा शब्द मागू नका. त्याला स्वतःला जे छळतं, तिथून सुरुवात करा. मुलाने असं म्हणावं: ‘बाबा, सोडायचं पुढचं पुढे बघू. तुम्हाला रात्री झोप नाही, सकाळी कप धरवत नाही. त्यासाठी मंगळवारी डॉक्टरांकडे जाऊया, मी रजा टाकली आहे.’ तारीख, सोबत आणि गाडी ठरलेली असली की नाही म्हणणं अवघड जातं. नाहीच म्हणाला तर वाद न घालता थांबा आणि आठवड्याने हेच पुन्हा विचारा.

दरम्यान उधारी फेडणं, मालकाला ‘बरं नाही’ म्हणून खोटं सांगणं, रस्त्यात पडलेल्याला गुपचूप उचलून आणून सकाळी काही घडलंच नाही असं वागणं बंद करा. जीव धोक्यात असेल तिथे मदत करायचीच. बाकीचा त्रास त्याचा त्याला कळू द्या.

सावधान: चहात किंवा आमटीत घालून द्यायची ‘दारू सोडवण्याची पावडर’ आणू नका. तिच्यात बरेचदा डायसल्फिराम, म्हणजे दारू प्यायल्यावर रिअ‍ॅक्शन आणणारं औषध असतं. न सांगता दिलेल्या डायसल्फिरामवर माणूस प्यायला की चेहरा लाल, छातीत धडधड, उलट्या, रक्तदाब घसरणं, आणि हृदय कमकुवत असेल तर मृत्यूही.

## टप्पा ४: पहिले पाच दिवस

घड्याळ शेवटच्या घोटापासून लावा. तोच शून्य तास.

६ ते १२ तास. हाताला कंप, घाम, मळमळ, डोकेदुखी, धडधड, बेचैनी. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या याच वेळी सुरू झालेल्या असाव्यात. सहसा क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम देतात. लिव्हर खराब असेल तर लोराझेपाम. पहिल्या दिवशी डोस सर्वांत जास्त, मग रोज थोडा कमी करत पाच ते सात दिवसांत बंद. डोस माणसागणिक वेगळा असतो. शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर गोळ्या आणणं म्हणजे एक व्यसन सोडवताना दुसरं लावणं.

गोळ्या घरातल्या एकाच माणसाच्या ताब्यात राहतील. दिल्याची वेळ वहीत लिहा. गोळी देण्याआधी माणूस हाक मारल्यावर नीट उठतो ना, ते पाहा. गाढ गुंगीत असेल तर पुढची गोळी न देता डॉक्टरांना फोन करा. मधेच दारू प्यायला असेल तरी गोळी थांबवा आणि कळवा. दोन्ही मिळून श्वास मंदावतो. गोळ्या चालू असेपर्यंत मोटारसायकल, बोट आणि माडावर चढणं बंद.

६ ते ४८ तास. आकडी येण्याचा हा काळ. आलीच तर कुशीवर वळवा, डोक्याखाली घडी घातलेलं कापड, आजूबाजूचं सामान दूर. तोंडात चमचा-बोट काही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ घालवायचा नाही. घड्याळ पाहा आणि १०८ ला फोन करा. आकडी लगेच थांबली तरी रुग्णालयात न्यायचंच, कारण एकीमागून दुसरी येऊ शकते. पाच मिनिटांवर गेली तर तो जिवाचा प्रश्न आहे.

१२ ते ४८ तास. काहींना आवाज ऐकू येतात, आकृत्या दिसतात, पण आपण कुठे आहोत हे भान असतं. वाद घालू नका, हसू नका. ‘मला दिसत नाही, पण तुम्हाला भीती वाटते ते कळतंय’ एवढं म्हणा आणि डॉक्टरांना कळवा.

४८ ते ९६ तास. सर्वांत धोक्याचा टप्पा, आणि फसवा. दोन दिवस बरे गेले म्हणून मुंबईचा भाऊ परत निघतो, रात्रीची जागरणं थांबतात, आणि तिसऱ्या रात्री माणूस दिवस-वार विसरतो, जागा ओळखत नाही, ताप, भरपूर घाम, जोराची थरथर. याला डॉक्टर डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचाराविना यात माणसं दगावतात. वेळेत रुग्णालयात गेलेली बहुतेक वाचतात. घरी सांभाळण्याची ही गोष्ट नव्हे, आणि गाऱ्हाण्याची तर नव्हेच. चौथा दिवस पार पडेपर्यंत रात्रीची पाळी सोडू नका.

तपासा, दर चार तासांनी: आज वार कोणता, आपण कुठे आहोत? हात पुढे केल्यावर कंप वाढलाय की कमी? ताप? लघवी झाली का? पाणी पोटात राहतंय का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर चुकलं तर बाकीचे विचारत बसू नका, गाडी बोलवा.

### सलाईनची चूक

ही एवढी सर्रास होते की वेगळी सांगायला हवी. अशक्त दिसतो म्हणून गावात ग्लुकोजची सलाईन लावतात. अनेक वर्षं पिणाऱ्याच्या अंगात बी-१, म्हणजे थायमिन, फार कमी उरलेलं असतं. तशात आधी ग्लुकोज दिलं की उरलंसुरलं थायमिनही खर्च होतं आणि मेंदूला इजा होऊ शकते: नजर अडखळते किंवा दोन-दोन दिसतं, चाल लडखडते, गोंधळ होतो. वेळ गेली तर स्मरणशक्ती कायमची जाते. म्हणून थायमिन आधी, किमान ग्लुकोजबरोबर. ज्याची अवस्था वाईट आहे किंवा जो जेवतच नव्हता, त्याला गोळीने भागत नाही, इंजेक्शन लागतं. सलाईन लावणाऱ्याला ‘थायमिन दिलं का?’ एवढं विचारा. शंका आली तरी विचारा. चांगल्या डॉक्टरला राग येत नाही.

### खाणं-पिणं

उकड्या तांदळाची पेज मीठ घालून, मऊभात, कुळथाची पिठी, ताक, शहाळं. दोन-दोन तासांनी थोडं. पाणी दिवसाला दोन-अडीच लिटर. पोटात पाणी झालेलं असेल किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर पाण्याचं आणि शहाळ्याचं प्रमाण डॉक्टर सांगतील तेवढंच. कडक कॉफी नको. तंबाखूही याच आठवड्यात सोडायला लावू नका.

### प्रवासाची चूक

पुण्या-मुंबईच्या केंद्रात भरती ठरली की घरचे त्याला दोन दिवस ‘कोरडा’ ठेवतात आणि मग रात्रीच्या एसटीत बसवतात. म्हणजे आकडीचा काळ आंबा किंवा कुंभार्ली घाटात येतो, आसपास दवाखाना नाही. लांब जायचं असेल तर केंद्राच्या डॉक्टरांना फोन करून निघण्याआधी किती चालू ठेवायची आणि वाटेत काय द्यायचं ते विचारा. दिवसाची गाडी धरा, सोबत दोघं ठेवा.

## टप्पा ५: शरीर सुटलं, आता औषध आणि केंद्र

सहाव्या-सातव्या दिवशी माणूस जेवतो, हसतो, ‘आता मला काही नको’ म्हणतो. इथेच उपचार थांबतात, आणि महिन्याभरात बाटली परत येते. आतापर्यंत फक्त शरीरातली दारू निघाली आहे.

ओढ कमी करणारी औषधं आहेत आणि ती विचारून घ्यावीत. नाल्ट्रेक्सोनने पिण्यातली मजा आणि ओढ कमी होते. ट्रामाडोलसारखी दुखण्याची गोळी चालू असेल तर ते चालत नाही. अकॅम्प्रोसेट दिवसातून तीनदा घ्यावं लागतं, मूत्रपिंड तपासून. लिव्हर खराब असलेल्यांना काही डॉक्टर बॅक्लोफेन देतात.

डायसल्फिराम ओढ कमी करत नाही, धाक देतं. ते त्याच्या संमतीने, लिव्हर-हृदय तपासून, शेवटच्या घोटानंतर किमान १२ तास उलटल्यावरच सुरू होतं, आणि रोज घरच्यांच्या देखत घेतलं तरच उपयोग. गोळी बंद केल्यावरही दोन आठवडे दारूशी रिअ‍ॅक्शन येऊ शकते. या काळात आसव-अरिष्टं, अल्कोहोलवाले खोकल्याचे पातळ औषध आणि टॉनिक बंद. माडीने आंबवलेली सान्नं आणि माडीच्या व्हिनेगरचं लोणचंही टाळा. आयुर्वेदिक म्हणून कुमारी आसव चालेल, असं धरून चालू नका.

घरी वातावरण नसेल, गुत्ता दाराशी असेल किंवा दोनदा घसरण झाली असेल तर निवासी केंद्र बरं. पुण्याचं मुक्तांगण बहुतेकांना माहीत असतं. जवळच्या केंद्रात आधी स्वतः जाऊन विचारा. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी आहे का? रात्री डॉक्टर कोण? पहिल्या आठवड्याच्या गोळ्या कोण लिहितो? घरच्यांची बैठक होते का? बाहेर पडल्यावर पाठपुरावा कसा? मारहाण, साखळी, ‘गाडी पाठवतो, उचलून आणतो’ असं कुणी सांगितलं तर तिथून निघा. मानसिक आरोग्य कायदा २०१७ नुसार साखळीने बांधणं बेकायदा आहे. इच्छेविरुद्ध भरतीही तज्ज्ञांच्या तपासणीनंतर, कायद्यातल्या अटींवर आणि एका वेळी ३० दिवसांपर्यंतच होते.

गोळ्या आणि गांजाबद्दल थोडक्यात: अल्प्राझोलम किंवा नायट्राझेपाम या झोपेच्या गोळ्यांची सवय एकदम तोडणं दारूइतकंच धोक्याचं, हळूहळू कमी करावं लागतं. ब्राऊन शुगर सोडताना हाल फार होतात, पण खरा धोका नंतर असतो: महिनाभर बंद ठेवून जुन्याच मापाने घेतली तर श्वास थांबतो. तिथे ब्युप्रेनॉर्फिनसारखे उपचार लांबपर्यंत चालतात. गांजा बंद केल्यावर झोप आणि चिडचिड एक-दोन आठवडे त्रास देतात.

## टप्पा ६: वर्षाचं कॅलेंडर

भिंतीवरच्या कॅलेंडरवर धोक्याच्या तारखांना आधीच खूण करा. बोटीचा हिशेब होतो तो दिवस. फेब्रुवारीपासून काजू आणि उराक. शिमगा. मे महिन्यात चाकरमान्यांच्या बॅगांतून येणारं ‘खास तुझ्यासाठी’. लग्नाची हळद, जत्रा, गणपतीतल्या भजनानंतरची रात्र. प्रत्येक तारखेपुढे तीन गोष्टी लिहा: सोबत कोण, घरी किती वाजता, नको कसं म्हणायचं. ‘लिव्हरची गोळी चालू आहे’ हे वाक्य शपथेपेक्षा जास्त वेळा कामी येतं, कारण त्यावर कुणी आग्रह करत नाही. हिशेबाचे पैसे पहिल्या वर्षी थेट बँकेत किंवा बायकोच्या हातात, पण त्याच्याशी ठरवून, हिसकावून नव्हे.

ओढ येते तेव्हा ती कायम राहील असं वाटतं. बहुधा अर्ध्या तासात ओसरते. भूक, राग, एकटेपणा, थकवा यांतलं काय आहे ते पाहा. अर्ध्या वेळा जेवल्याने भागतं. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची मराठी बैठक जवळ असेल तर आठवड्याला एक तरी, घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन. डॉक्टरांकडे पहिला महिना आठवड्याला, मग पंधरवड्याला, मग महिन्याला, वर्षभर. ज्याला नारळ ठेवायचा आहे त्याने आता ठेवावा.

## टप्पा ७: पुन्हा प्यायला तर

एकदाच प्यायला असेल तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी डॉक्टरांना फोन. काय झालं, कुठे, कुणाबरोबर, हे शांतपणे लिहून घ्या. कॅलेंडरवर नवी खूण त्यातून मिळते. डायसल्फिराम चालू असताना प्यायला असेल तर वाट न पाहता रुग्णालय.

चार-पाच दिवस किंवा जास्त सलग प्यायला असेल तर संतापून पुन्हा एकदम बंद करू नका. दर वेळी अशी सोडधर झाली की पुढच्या वेळचे झटके आणि भ्रम अधिक जोराचे येतात. मागच्या वेळी नुसताच हात थरथरला होता, म्हणून या वेळीही तेवढंच होईल असं नाही. शेवटच्या घोटाची वेळ लिहा, जुना कागद आणि गोळ्यांची वही घ्या, आणि दुसऱ्या टप्प्यापासून पुन्हा सुरू करा. या खेपेला घरी न ठेवता भरतीच मागा.